अक्काचा डावा डोळा

"काकू, डोळे मिटा," डॉक्टर पागे म्हणाल्या.

"मिटलेत," अक्का म्हणाली.

मिटले नव्हते. उजवा मिटला होता, दुपारी दुकानाचं दार ओढून घ्यावं तसा. डाव्याची पापणी मात्र खाली येता येता मध्येच थबकली होती आणि तिच्याखाली पांढरी कड चक्क दिसत होती.

"अजून जरा घट्ट मिटा."

"याच्यापेक्षा घट्ट मिटले तर दात निखळतील बाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. त्या दवाखान्याचा पत्ता शोधून काढणारी मीच होते आणि घरी खोटं बोलून अक्काला पुण्यात आणणारीही मीच.

अक्का म्हणजे कांचनअक्का, माझी थोरली जाऊ. आमचं घर सांगलीला. थोरल्या दिरांची, म्हणजे दादांची, हळदीची अडत. माझ्या मुलाला पुण्यात नोकरी लागल्यापासून त्याला लाडू-चिवडा पोचवणं हा पुण्याला येण्याचा आमचा सरकारी बहाणा होता. खरं तर आम्ही पहिल्या खेपेला अक्काच्या वरच्या पापण्यांची लोंबणारी कातडी काढून घ्यायला आलो होतो आणि आता ते तपासून घ्यायला आलो होतो.

डॉक्टर तरुण होत्या, पण बोलायला शांत. "वरची जादा त्वचा काढली की कधी कधी असं होतं. सूज असते, टाक्यांची जागा आखडते. बहुतेक वेळा काही आठवड्यांत, नाहीतर दोन-तीन महिन्यांत सैल पडतं. तोवर दिवसा हे थेंब, झोपताना मलम, वर पापणीला चिकटपट्टी. आणि मी दाखवते तसा मसाज, अगदी हलक्या हातानं. डोळा कोरडा पडू द्यायचा नाही, बुबुळाला इजा होईल. लाल झाला, दुखला, धूसर दिसलं, तर लगेच यायचं."

"आणि सैल पडलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर पुन्हा एक छोटं ऑपरेशन. त्वचा कमीच पडत असेल तर कानामागची थोडी घेऊन तिथं लावायची. ते घाईनं नाही करायचं. आधी वाट बघायची."

"कानामागची?" अक्काचा उजवा डोळा उघडला. डावा उघडाच होता. "म्हणजे ऐकलेलं दिसायला लागंल की मला."

डॉक्टर हसल्या. मला काही हसू आलं नाही.

हे सगळं उपटलं रुचिराच्या डोहाळजेवणात. रुचिरा अक्काची सून. कोल्हापूरहून शालनवन्सं आल्या होत्या. वन्सं म्हणजे दादांची आणि माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या गाडीतून उतरायच्या आणि घरातली भांडीसुद्धा नीट रांगेत उभी राहायची. आमच्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते, आणि वन्संनी हा हक्क असा काही वापरला होता की माझ्या पोराचं नाव जीवंधर पडलं. ऑफिसात तो स्वतःला जय म्हणवतो. नव्या सुनेचं तांदळाच्या ताटात लिहायचं नावही त्याच ठरवायच्या. माझं माहेरचं पुष्पा, त्याचं प्रभा झालं. मला विचारलं कोणी? तर कोणी नाही.

आता अक्काला मुलगी नाही, मलाही नाही. म्हणजे होणाऱ्या बाळाला सख्खी आत्याच नाही. वन्संनी डोहाळजेवणातच जाहीर केलं. "आत्या नाही तर आत्याआजी. मुलगा झाला तर नेमिसागर, मुलगी झाली तर कल्पलता."

रुचिरा घास चावायची थांबली.

"मुलगा झाला तर तुमचं ते ठेवा," अक्का म्हणाली. "मुलगी झाली तर नाव मी सांगणार."

अक्का वन्संपुढं असं बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नव्हतं.

"कुठलं नाव?" वन्संनी विचारलं.

"ते तेव्हाच सांगीन."

"आणि मी का म्हणून ऐकावं तुझं?"

अक्कानं त्यांच्या पानात शांतपणे पुरणपोळी वाढली. "तर मग खेळून ठरवू. मेंढीकोट. बारशाच्या आदल्या दिवशी."

वन्सं हसल्या आणि त्यांनी पोळीवर तूप मागितलं. म्हणजे ठरलं.

त्या का हसल्या हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मेंढीकोटात आम्ही दोघी जावा एका बाजूला, वन्सं आणि दादा दुसऱ्या. चारही रंगांच्या दश्श्या म्हणजे मेंढ्या. तीन पकडल्या की डाव आपला. इतक्या वर्षांत आम्ही जिंकलेले डाव बोटांवर मोजावेत. आणि लबाडी करूनही आम्ही हरत होतो, हे जास्त लाजिरवाणं होतं. अक्कानं मला एक खूण शिकवली होती. चालू रंगाची मेंढी तिच्याकडं असली की ती डावा डोळा सावकाश मिटायची. मेंढी नसली तर दोन्ही. मला एक डोळा मिटताच येत नाही, माझे दोन्ही मिटतात, त्यामुळं खुणेचं सगळं काम तिच्याकडं. तरीही वन्संना कुठल्या पानावर एक्का टाकायचा हे बरोबर कळायचं. आम्ही त्याला त्यांचं नशीब म्हणायचो.

आणि अलीकडं तर अक्काच्या पापण्या इतक्या ओघळल्या होत्या की मिटलेला डोळा कुठला आणि उघडा कुठला, मला समोर बसूनही समजेना. फोटोत ती कायम झोपलेली यायची. वरचं बघायचं तर मान मागं टाकायची.

डोहाळजेवणाची भांडी आवरताना मी तिला म्हणाले, "अक्का, तू पैज लावलीस खरी, पण तुझी खूण आता दिसत नाही गं."

तिनं ताट पुसता पुसता विचारलं, "ते पापण्यांचं ऑपरेशन असतंय म्हणे. कुठं करतात?"

मी हसत सुटले. ती हसली नाही. पत्त्यांसाठी पापण्या कापून घेणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला ती फार आवडली. कोल्हापूर जवळ होतं, पण तिथं वन्सं होत्या. म्हणून पुणं.

टाके निघेपर्यंत आम्ही जीवंधरकडं राहिलो आणि काळा चष्मा लावून सांगलीला परतलो. दारातच दादांनी विचारलं, "हे काय?"

"पुण्यात डोळे आले तिचे," मी म्हणाले. "साथ आहे तिकडं."

याच्याइतकं सोयीचं दुखणं जगात नाही. जवळ कोणी येत नाही आणि चष्मा काढ असंही कोणी म्हणत नाही. दादांनी आपली गादी उचलली आणि माडीवर गेले. शेजारच्या मगदूमवहिनी दाराबाहेर उभ्या राहून धण्याचं पाणी ठेवून गेल्या, कोणी गुलाबपाणी पाठवलं, आणि अडतीवरच्या हमालांनी आंबेहळद. त्यातलं काहीही त्या डोळ्यात गेलं असतं तर आमची धडगत नव्हती. मी सगळं मोरीत ओतत होते आणि बाहेर सांगत होते, खूप गुण आला.

साथ ओसरल्यावर चष्मा निघाला. आता अक्का दोन्ही डोळ्यांनी टक्क बघायची, जरा नवल वाटल्यासारखी. दादा चहाचा घोट घेत म्हणाले, "चष्मा बदललास काय? तरतरीत दिसालीस." आणि मग त्यांचं नेहमीचं, "चहा बरा झालाय, पण मैनेच्या दुधाची सर नाही." मैना म्हणजे पूर्वी गोठ्यात होती ती म्हैस. ती जाऊन जमाना झाला, गोठा पाडून तिथं गोदाम झालं, पण दादांच्या प्रत्येक चहात ती यायचीच. अक्का काही न बोलता कप उचलायची.

डावा डोळा मात्र मिटत नव्हता. झोपताना मी मलम घालून पट्टी लावायची आणि सकाळी काढायची. माझा जीव टांगणीला लागला होता. वन्सं, पैज, नाव, सगळं गेलं खड्ड्यात. हिचा डोळा गेला तर मी दादांना काय तोंड दाखवणार होते?

मग रुचिराला मुलगी झाली. मिरजेला, तिच्या माहेरी. अक्का बाळाला बघायला एकसारखी मिरजेला पळू लागली आणि तिकडंच राहू लागली. पट्टीसुद्धा आपली आपण लावते म्हणाली. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं, त्याचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "बारसं होऊ दे."

"अक्का, बारसं डोळ्यापेक्षा मोठं आहे का?"

"आहे," ती म्हणाली.

मी चिडून दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच बोलले, कारण भाकरी तिला जमते तशी मला जमत नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणं उरकून सोप्यात सतरंजी पडली. बारशासाठी सांगलीला आलेली रुचिरा बाळाला घेऊन आत निजली होती. "तुमचं काय ते ठरलं की मला सांगा," ती म्हणाली होती, "मी तिला चिकूच म्हणणार आहे."

पत्ते पिसायच्या आधी अक्कानं मला देवळीशी ओढलं. "आज खूण नाही. माझ्या डोळ्याकडं बघूच नको. तो आपला आपण मिटतो, आपला आपण उघडतो. त्याच्यावर माझा ताबा नाही. तू फक्त तुझी पानं बघ."

"म्हणजे बिघडलाय जास्त?"

"बारसं होऊ दे म्हटलं ना."

वन्सं नेहमीप्रमाणं अक्काच्या डाव्या हाताला बसल्या. "मला खिडकीचा उजेड लागतोय," हे त्यांचं कायमचं कारण. अक्काच्या उजवीकडं दादा, समोर मी.

पहिले काही डाव कोणाचं कोणाला कळलं नाही. अक्काची पापणी खरंच वेड्यासारखी वागत होती. मध्येच डावी मिटायची, मध्येच दोन्ही. बघू नको म्हटलं तरी नजर जायचीच, आणि माझं काळीज तुटायचं. एक डाव त्यांचा, एक आमचा, असं होत होत शेवटच्या डावावर सगळं आलं.

त्या डावात दोन मेंढ्या आमच्याकडं आल्या, एक त्यांच्याकडं. राहिली बदामाची. ती त्यांना मिळाली असती तर बरोबरी होऊन हातांवर निकाल लागला असता, आणि हात त्यांचे जास्त होते. बदामाची दश्शी माझ्याकडं होती. आणि माझ्याकडं बदामाचं तेवढं एकच पान होतं. कोणी एक्का टाकला की मला ती मुकाट द्यावी लागणार होती. मी पदर सारखा केला आणि देवाचं नाव घेतलं.

दादांनी बदामाची छक्की टाकली. अक्कानं राजा टाकला. आणि राजा टाकताना तिचा डावा डोळा सावकाश, अगदी सावकाश मिटला.

वन्संनी तिच्याकडं तिरकं बघितलं. त्यांच्या हातातलं एक पान वर सरकलं होतं. ते त्यांनी परत खाली सारलं आणि बदामाची सत्ती टाकली.

राजाचा हात झाला, आणि तो आमचा. मी दश्शी खाली ठेवली.

"तिसरी मेंढी!" मी ओरडले. आत बाळ रडायला लागलं.

वन्संनी हातातली पानं सतरंजीवर आपटली. त्यात बदामाचा एक्का होता, अक्काकडची दश्शी पकडायला राखून ठेवलेला. "ही दश्शी हिच्याकडं कशी?" त्या अक्कावर कडाडल्या. "डावा डोळा मिटलास ना गं तू? मी बघितलं की! डावा मिटलास म्हणजे मेंढी तुझ्याकडं पाहिजे!"

मग दादांच्या पोटातून हसू निघालं ते थांबेचना. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. वन्संना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कुठं उमगलं. त्यांचा चेहरा आमच्या अडतीतल्या हळदीसारखा झाला.

"कुठली मेंढी नि कुठला डोळा?" अक्का भोळेपणानं म्हणाली. "वन्सं, माझं पापण्यांचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून हा डोळा असाच करतो. विचारा की प्रभेला."

"ऑपरेशन?" दादांचं हसू थांबलं. "कुणाचं? कधी?"

मी सगळं सांगितलं. पुणं, टाके, काळा चष्मा, कानामागची कातडी. दादा बिचारे अक्काकडं बघत राहिले. "आणि मी माडीवर गेलो झोपायला," एवढंच म्हणाले. वन्संना डोळ्याची कीव करावी की पत्त्यांचं भांडण करावं ते कळेना. खोटी खूण केली म्हणून भांडायला जावं तर आपणच इतकी वर्षं ती वाचत होतो हे कबूल करावं लागत होतं. त्या म्हणाल्या, "चहा टाका कोणीतरी."

चहा अक्कानंच टाकला. मी तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. "पुरे झालं आता. परवा पहिल्या गाडीनं पुण्याला. तो डोळा—"

तिनं आधणात पत्ती टाकली, माझ्याकडं वळली आणि डावा डोळा मिटला. पापणीला पापणी टेकली. पांढरं कुठंच नाही. मग तिनं तो उघडला, आणि परत मिटून दाखवला.

"अक्का! कधीपासनं?"

"बाळ झालं त्या सुमारापासनं. मसाज काय सोडला नव्हता मी. रुचिरानं मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्या म्हणाल्या, छान झालंय, आता काही करायला नको."

"आणि मला सांगितलं नाहीस? मी इथं झुरून मेले!"

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं गं. मेंढी हातात आली की तू पदर सारखा करतीस. तेवढी एक खूण वन्संना अजून कळलेली नाही, म्हणून राजा टाकला मी."

मी पदरावरचा हात खाली घेतला.

"वन्संना डोळ्याची खूण कशी कळली पण?"

"त्यांनीच शिकवली की मला. तू या घरात यायच्या आधी मी त्यांची जोडीदार होते."

"म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? आणि आपण हरत बसलो?"

"हरले तरी चहा मी करायचा, जिंकले तरी मीच," ती कप मांडत म्हणाली. "कशाला जिंकायचं मग? ह्या वेळी तसं नव्हतं."

"पण मग ते ऑपरेशन? मला खूण दिसत नव्हती म्हणून ना?"

"तुला कशाला दिसायला पाहिजे?" अक्का म्हणाली. "माझ्या पापण्या लोंबल्यापासनं वन्संनाच खूण दिसेनाशी झाली होती. त्यांना दिसली नसती तर त्या फसल्या कशा असत्या?"

मी पाटावर मटकन बसले. ती चहा गाळत होती.

दुसऱ्या दिवशी बारसं. पाळणा फुलांनी सजला होता, बायकांनी सोपा भरला होता. पैज अक्कानं जिंकली तरी कानात नाव सांगायचं ते आत्याच्याच तोंडून, ती रीत काही मोडली नव्हती. वन्सं पैठणी नेसून, तोंड फुगवून पाळण्याशी उभ्या राहिल्या. "सांग बाई, काय ते."

अक्का त्यांच्या कानाशी वाकली आणि बोलली. मी अगदी शेजारी होते.

वन्सं सरळ झाल्या. "कांचन, हे?"

"हेच. गोठा कधीच पाडलाय, वन्सं. आता नाव मोकळं आहे."

पेढ्यांचं ताट घेऊन दारात उभे असलेले दादा जागच्या जागी थांबले आणि खाली बघू लागले. मला कळेना. मगदूमवहिनींच्या सासूबाई, म्हाताऱ्या मगदूमकाकू, मला हळूच म्हणाल्या, "अगं, तिचं माहेरचं नाव मैना. लग्नात शालन म्हणाली, गोठ्यात एक मैना आहे, हाक मारली की कोण ओ देईल ते कळायचं नाही. म्हणून कांचन केली."

इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून भाकऱ्या थापल्या होत्या आणि मला हे माहीत नव्हतं. मला दादांचे सगळे चहा आठवले, आणि ती कप कशी उचलायची ते आठवलं. मला रडूच आलं.

वन्संनी पाळण्याची दोरी धरली. मग खाली वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कुर्रर्र, मैना!"

नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायची आमच्याकडं पद्धत आहे. सगळ्याजणींनी हसत हसत घातले. मीही एक जीवंधरच्या नावानं घातला. अक्काचा शेवटचा. त्याचा आवाज गोदामापर्यंत गेला असेल.

वन्सं पाठ चोळत वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, धपाट्यानं की कशानं ते मी विचारलं नाही. त्यांनी पाळण्याकडं पाहिलं नाही, अक्काकडं पाहिलं.

"हळू की गं, मैने," त्या म्हणाल्या.

"ओ," अक्का म्हणाली.